हल्ला, मतदान आणि मधले दिवस

दापोलीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा: "दहशतवादी हल्ल्यामुळे देशाच्या निवडणुकीचा निकाल बदलू शकतो का? 2004 साली माद्रिदमध्ये बदलला म्हणतात, 2019 साली पुलवामाने बदलला म्हणतात. मग 26/11 नंतर का नाही बदलला? तुम्ही कोकणात इतकी वर्षं मतदार-पाहण्या करताय, तुम्हाला इथे काय दिसलं?"

हो, बदलू शकतो. पण तुमच्या तीन उदाहरणांपैकी फक्त माद्रिदबद्दल मी हे छातीठोकपणे सांगेन. पुलवामानंतर सत्ताधाऱ्यांची मतं वाढली असं मला वाटतं, आणि त्याशिवायही सरकार परत आलं असतं असंही वाटतं. यावरून माझे जुने सहकारी अजून माझ्याशी हुज्जत घालतात. 26/11 नंतर बरंच काही झालं, फक्त आपण ते जिथे शोधत होतो तिथे सापडलं नाही.

पुढची उदाहरणं कशासाठी आहेत ते कळावं म्हणून सार आधीच सांगतो. हल्ल्याला स्वतःची राजकीय दिशा नसते. तीच घटना एका सरकारला तारते, दुसऱ्याला बुडवते. दिशा ठरते ती हल्ला आणि मतदान यांच्या मधल्या दिवसांत. सरकार काय बोललं, खरं बोललं का, कुणी जबाबदारी घेतली, विरोधकांना बोलायला तोंड होतं का, या गोष्टी लोक बघतात. एवढं होऊनही हलणारी मतं थोडीच असतात. उधाणाचं पाणी सगळ्या वाडीत शिरत नाही, ज्याचं जोतं बुटकं त्याच्याच घरात शिरतं. लढत चुरशीची असेल तरच ही थोडी मतं निकाल उलटवतात.

माद्रिद. 11 मार्च 2004, गुरुवार, सकाळची कामावर जायची वेळ. चार उपनगरी गाड्यांमध्ये दहा बॉम्ब फुटले. 190 हून जास्त माणसं गेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. मतदान रविवारी, 14 तारखेला. पंतप्रधान आझ्नार स्वतः पुन्हा उभे नव्हते, त्यांच्या पॉप्युलर पार्टीचं नेतृत्व राहॉय करत होते आणि पाहण्यांत ते थोडे पुढे होते. आझ्नार यांनी जनमत सरळसरळ विरोधात असताना इराकला सैन्य पाठवलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. हल्ला झाला त्याच दिवशी सरकारने ठामपणे सांगितलं की हे बास्क फुटीरतावाद्यांच्या 'एटा' संघटनेचं काम आहे. यातला हिशोब कुणालाही कळेल असा होता. एटा असेल, तर एटाशी कडकपणे वागणाऱ्या सरकारला मतं. इस्लामी अतिरेकी असतील, तर 'तुमच्या इराकमुळे हे आमच्या गाड्यांपर्यंत आलं' हा प्रश्न.

तपास मात्र भराभर दुसरीकडे निघाला. एका चोरीच्या व्हॅनमध्ये डिटोनेटर आणि अरबी भाषेतली कॅसेट मिळाली. न फुटलेल्या एका बॅगेत मोबाईल मिळाला, त्यावरून धागे लागले, आणि शनिवारी मोरोक्कोच्या संशयितांसह पाच जणांना अटक झाली. तरी सरकार एटाचंच तुणतुणं वाजवत राहिलं. शनिवार हा तिथे प्रचारबंदीचा दिवस. त्या संध्याकाळी मोबाईलवर निरोप फिरले, शेवटी 'पुढे पाठवा' एवढाच शब्द, आणि हजारो लोक सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयांसमोर येऊन उभे राहिले: मतदानाआधी आम्हाला खरं काय ते कळलं पाहिजे. रविवारी मतदान 75 टक्क्यांच्या वर गेलं, चार वर्षांपूर्वी ते 69 टक्क्यांच्या आसपास होतं. समाजवादी पक्षाला 350 पैकी 164 जागा, पॉप्युलर पार्टीला 148. मागच्या वेळी त्यांच्या 183 होत्या.

लोक सरसकट म्हणतात की बॉम्बने स्पेनचं सरकार पाडलं. माझ्या मते बॉम्बने ते पाडलं नाही, तीन दिवसांच्या लपवाछपवीने पाडलं. 'आम्हाला अजून माहीत नाही, तपास चालू आहे, कळेल तसं सांगू' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे आता सिद्ध करता येणार नाही. पण वाढलेलं मतदान सांगतं की घरी बसणारे लोक रागाने बाहेर पडले, आणि हा राग नुसत्या भीतीचा नव्हता.

आता हे निव्वळ माझं मत नाही याची सोय कशी करायची? आमच्या धंद्यातला खरा पेच इथे आहे. हल्ला झाला नसता तर निकाल काय लागला असता, ते बघायला दुसरी निवडणूक घेता येत नाही. मग असे मतदार शोधायचे ज्यांनी त्याच निवडणुकीत हल्ल्याआधीच मत देऊन टाकलंय. स्पेनमध्ये होसे गार्सीया मोंताल्वो या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. परदेशात राहणाऱ्या स्पॅनिश नागरिकांची मतं हल्ल्याआधीच पडली होती. त्यांची मतं आणि देशातल्यांची मतं, मागच्या निवडणुकांतला दोघांमधला फरक धरून, त्यांनी शेजारी ठेवली. निष्कर्ष निघाला की हल्ला नसता तर सत्ताधारी पक्ष जिंकला असता. म्हणून माद्रिदबद्दल मी ठाम आहे. बाकी ठिकाणी असा पुरावा इतका स्वच्छ मिळत नाही.

आपल्याकडे अशी एक निवडणूक होऊन गेलीय, आणि तिच्याकडे या नजरेने फार कमी लोक बघतात. 1991. पहिल्या टप्प्याचं मतदान 20 मे रोजी झालं. 21 मेच्या रात्री तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदुरला एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ अतिरेकी संघटनेच्या आत्मघातकी हल्ल्यात राजीव गांधींची हत्या झाली. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी उरलेले टप्पे पुढे ढकलले आणि ते 12 आणि 15 जूनला झाले. म्हणजे एकाच निवडणुकीत काही मतदारसंघ हत्येआधीचे, काही नंतरचे. हत्येनंतर मतदान झालेल्या भागांत काँग्रेसची कामगिरी पहिल्या टप्प्यापेक्षा ठळकपणे चांगली होती. काँग्रेस 232 वर पोचली आणि नरसिंह रावांचं अल्पमतातलं सरकार आलं. प्रांत वेगळे, त्यांचे राजकीय कल वेगळे, त्यामुळे हिशोब करताना मागच्या निवडणुकांचे आकडे वजा करावेच लागतात. ते करूनही फरक उरतो.

पण जरा थांबा. नेत्याची हत्या आणि बाजारात किंवा गाडीत झालेला स्फोट, या मतदाराच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. हत्येत सहानुभूतीला एक चेहरा असतो, एक पक्ष असतो, मतपत्रिकेवर चिन्ह असतं. पाकिस्तानात डिसेंबर 2007 मध्ये बेनझीर भुत्तो मारल्या गेल्या, निवडणूक फेब्रुवारीवर गेली आणि त्यांचा पक्ष सगळ्यात मोठा ठरला. सामान्य माणसं मरतात तेव्हा त्या दुःखाला चिन्ह नसतं. ते कुणीतरी आपल्या चिन्हाकडे ओढून न्यावं लागतं, आणि ती ओढाताण दरवेळी जमत नाही.

इस्रायलचं उदाहरण द्यायला हवं, कारण तिथे आकडे भरपूर आहेत. नोव्हेंबर 1995 मध्ये एका ज्यू अतिरेक्याने पंतप्रधान राबिन यांना गोळ्या घातल्या, आणि त्यांच्या जागी आलेले पेरेस पाहण्यांत बरेच पुढे गेले. मग 1996 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये बसमध्ये, रस्त्यावर आत्मघातकी स्फोट झाले. ती आघाडी विरघळली आणि मे महिन्यात नेतान्याहू तीस हजारांहून कमी मतांनी जिंकले. सहा महिन्यांत दोन वेळा हिंसा, आणि कल दोन दिशांना. पुढे क्लोद बेरेबी आणि एस्तेबान क्लोर यांनी गावागावांचे आकडे घेऊन मोजलं: निवडणुकीआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या गावात जीवघेणा हल्ला झाला, तर तिथे उजव्या पक्षांची मतं सरासरी 1.35 टक्क्यांनी वाढतात. हा आकडा नीट वाचा. सव्वा-दीड टक्का. इस्रायलसारख्या काठावरच्या राजकारणात तो पुरतो. जिथे दोन आघाड्यांत आठ-दहा टक्क्यांचं अंतर आहे तिथे तो कुणाच्या खिजगणतीतही येत नाही.

ब्रिटन 2017 आणि श्रीलंका 2019 ही दोन उदाहरणं धावती सांगतो. मँचेस्टरला 22 मे रोजी स्फोट, लंडन ब्रिजवर 3 जूनला हल्ला, मतदान 8 जूनला. कडक प्रतिमेच्या थेरेसा मे यांना फायदा होईल असं वाटत होतं. विरोधकांनी उलटा प्रश्न विचारला, की गृहमंत्री असताना पोलिसांची संख्या कुणी कमी केली? मे यांचं बहुमत गेलं. श्रीलंकेत ईस्टरच्या स्फोटांत अडीचशेहून जास्त लोक गेले, भारताने आधी दिलेला इशारा तिथल्या यंत्रणेने वाया घालवला, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान एकमेकांकडे बोट दाखवत बसले. सात महिन्यांनी गोटाबाया राजपक्षे 52 टक्क्यांनी निवडून आले. पण राजपक्षेंच्या पक्षाने 2018 च्या स्थानिक निवडणुका आधीच मारल्या होत्या, हे सांगायचं लोक विसरतात.

आता 26/11. मुंबईवर हल्ला सुरू झाला 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री. दुसऱ्याच दिवशी मध्य प्रदेशात मतदान होतं. 29 तारखेला सकाळी ताजमधली कारवाई संपली आणि त्याच दिवशी दिल्लीत विधानसभेचं मतदान झालं. राजस्थानचं 4 डिसेंबरला. टीव्हीवर साठ तास हॉटेल जळताना दिसत होतं, दिल्लीच्या वर्तमानपत्रांत भाजपच्या जाहिराती होत्या की दुबळं सरकार दहशतवाद रोखू शकत नाही. दिल्लीत शीला दीक्षित तिसऱ्यांदा आल्या. राजस्थानात सत्ता भाजपकडून काँग्रेसकडे गेली, मध्य प्रदेशात भाजपने राखली. तिन्ही निकाल त्या त्या राज्याच्या कारभारावर लागले. दुसऱ्या वर्षी लोकसभेला काँग्रेस 145 वरून 206 वर गेली, आणि ज्या मुंबईत 166 माणसं मारली गेली तिथल्या सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला मिळाल्या.

का? एक तर राजीनामे पटापट पडले. केंद्रातले गृहमंत्री शिवराज पाटील गेले, राज्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले. लोकांना कुणीतरी किंमत मोजलेली दिसावी लागते, ती दिसली. डिसेंबरातच राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. दुसरं, विरोधकांना या विषयावर बोलताना कंदाहार आड येत होतं. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारला पळवून नेलेल्या विमानातल्या प्रवाशांसाठी मसूद अझहर या अतिरेक्याला सोडणारं सरकार त्यांचंच होतं. दोघांच्याही अंगावर डाग असला की मतदार तो विषय बाजूला ठेवतो आणि दुसरं काही बघतो. 2008 ची शेतकरी कर्जमाफी होती, रोजगार हमी होती. तिसरं कारण निव्वळ मुंबईचं. मनसेने शिवसेना-भाजप युतीची मतं फोडली. आणि दक्षिण मुंबईतला राग 'सगळे राजकारणी चोर' या छापाचा होता. गेटवेवर मेणबत्त्या घेऊन आलेली गर्दी मोठी होती, पण एप्रिलअखेरीस मतदान जेमतेम चाळीस टक्क्यांच्या घरात राहिलं. जो राग कुणालाच मत द्यायचं नाही म्हणतो, तो मोजणीत दिसत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो, तुम्ही ते मुद्दाम विचारलंय. या विषयात कोकण प्रेक्षकांत बसलेलं नाही. 1993 च्या मुंबई स्फोटांत 257 माणसं गेली, त्यातलं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि त्याआधी शस्त्रं दिघीला. कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. मग रायगडात त्याचा राजकीय झटका किती बसला? 1996 च्या लोकसभेत त्याच जिल्ह्यातल्या तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसचे बॅ. अंतुले निवडून आले. राज्यात 1995 ला युतीचं सरकार आलं खरं, आणि त्या प्रचारात स्फोट, दंगली, दाऊद हे सगळं होतंच. पण भ्रष्टाचाराचे आरोप होते, काँग्रेसमधली बंडखोरी होती, 45 अपक्ष निवडून आले होते. त्यातून स्फोटांचा वाटा वेगळा काढून दाखवतो असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

अंतुल्यांचीच दुसरी गोष्ट 2009 ची. 26/11 च्या हल्ल्यात मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी डिसेंबर 2008 मध्ये शंका उपस्थित केली आणि संसदेत गदारोळ झाला. काही महिन्यांनी रायगडात ते शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून दीड लाखाच्या आसपास मतांनी हरले. मुंबईत बसून कुणीही म्हणेल, बघा, ते वक्तव्य भोवलं. थोडंफार भोवलं असेलही. पण मतदारसंघाची फेररचना झाली होती. दापोली आणि गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातले भाग आता रायगडात होते, आणि तिथे सेनेची मुळं जुनी. केवळ फेररचनेमुळे लढतीचा चेहरा बदलला होता. तुमची दापोली त्यातच येते, घरच्या मोठ्यांना विचारून बघा.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 1984 च्या कोकणाने. 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या, डिसेंबर अखेरीस मतदान. सहानुभूतीची एवढी मोठी लाट देशाने आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. काँग्रेस चारशेच्या वर. महाराष्ट्रात 48 पैकी 43. उरलेल्या पाच जागांपैकी दोन कोकणात होत्या: राजापुरातून जनता पक्षाचे मधु दंडवते आणि कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे दि. बा. पाटील. मधली रत्नागिरी तेवढी काँग्रेसला गेली. हे असं का झालं? राजापुरात समाजवादी खासदार नाथ पैंपासून समाजवादी कामाची पायवाट होती, कोकण रेल्वेसाठी धडपडणारा माणूस म्हणून दंडवते घराघरांत ठाऊक होते. आणि कुलाब्यात त्याच वर्षी, जानेवारीच्या 16 आणि 17 तारखेला, उरण भागात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले होते. त्या आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील. म्हणजे देशाच्या दुःखासमोर तिथे गावचं दुःख उभं होतं, आणि गावच्या दुःखाला चिन्ह होतं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, लाट कुठे पोचली ते सगळेच लिहितात, तुम्ही ती कुठे पोचली नाही ते शोधा. बहुतेक वेळा तिथे स्वतःचं असं एखादं ताजं भांडण सापडतं.

2019 कडे हीच नजर वळवू. पुलवामा 14 फेब्रुवारी, सीआरपीएफचे 40 जवान शहीद. पाकिस्तानातल्या बालाकोटवर भारताचा हवाई हल्ला 26 फेब्रुवारी. कोकणात मतदान 23 एप्रिलला. भाजप 282 वरून 303 वर गेला. काही महिन्यांपूर्वीच राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड गमावलेल्या पक्षाने त्याच राज्यांत लोकसभेला जवळपास सगळ्या जागा घेतल्या. पुलवामाचा परिणाम मानणाऱ्यांचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि तो मी उडवून लावत नाही. पण मधल्या काळात शेतकऱ्यांना वर्षाला 6000 रुपये, आर्थिकदृष्ट्या मागासांना 10 टक्के आरक्षण हेही आलं होतं, आणि विधानसभेला एक व लोकसभेला दुसरं मत देणारे मतदार त्या राज्यांत आधीपासून होते.

रायगडात 2014 ला गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंकडून फक्त दोन हजारांच्या आसपास मतांनी वाचले होते. 2019 ला, लाटेच्या वर्षात, सत्ताधारी युतीचे केंद्रीय मंत्री असलेले गीते साधारण 31 हजारांनी हरले. गंमत अशी की त्यांची मतं कमी झाली नाहीत, साठेक हजारांनी वाढली. त्यात पुलवामाचा हिस्सा असेलही. पण 2014 ला शेकापने स्वतःचा उमेदवार दिला होता आणि त्याने एक लाख 29 हजारांच्या पुढे मतं घेतली होती. 2019 ला शेकाप तटकरेंच्या मागे उभा राहिला. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात बेरीज बदलली आणि बाकी सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. शेजारच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात विनायक राऊत यांचं मताधिक्य दीड लाखावरून पावणेदोन लाखांच्या वर गेलं, पण त्यांची स्वतःची मतं 2014 पेक्षा पस्तीसेक हजारांनी कमी झाली होती. मताधिक्य बघून कुणी लाट म्हणेल. पडलेली मतं बघितली तर तो शब्द तोंडातून निघायचा नाही.

आमच्या पाहण्यांची एक अडचणही सांगायला हवी, कारण तुम्ही उद्या हे काम कराल. मतदाराला विचारलंत, "पुलवामाचा तुमच्या मतावर परिणाम झाला का?" तर दहातले बरेच जण हो म्हणतील. प्रश्नातच उत्तर आहे, आणि शहिदांबद्दल नाही म्हणणं कुणाला बरं वाटत नाही. म्हणून आधी मोकळा प्रश्न विचारायचा: मत देताना डोक्यात काय होतं? तो पहिलं जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. कोकणात पहिलं उत्तर पाणी, रस्ता, महामार्गाचं रखडलेलं काम, मच्छीमारीचा परतावा, नाहीतर "आमचा तो ठरलेलाच" असं यायचं. दहशतवाद दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर यायचा, आणि तोही बहुतेक टीव्हीवरच्याच शब्दांत. मुद्दा असा की शब्द मतदाराचा आहे की उसना, हे ऐकणाऱ्याला ओळखता यावं लागतं.

कोकणाचं आणखी एक वैशिष्ट्य बाहेरच्या अभ्यासकांना दिसत नाही. आपल्या प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी लालबागला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला आहे. मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाला की पहिला फोन गुहागरच्या खळ्यातून लागतो. दुःख इथे येतं, पण ज्याचं मत त्या दुःखाने हललं असतं तो चाकरमानी पुष्कळदा मुंबईच्या यादीत असतो, किंवा गावच्या यादीत असूनही मतदानाला येऊ शकत नाही. म्हणून हल्ल्याची जागा आणि मताची जागा एकच धरून काढलेले निष्कर्ष कोकणाला लागू करताना जपून. एप्रिल 2025 मध्ये काश्मीरात पहलगामला 26 जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा, पनवेलचेही एक. त्यावरून 2029 चं काय, असं लोक आत्ताच विचारतात. अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यानंतर बुश यांची लोकप्रियता गॅलपच्या पाहणीत 51 वरून 90 टक्क्यांवर गेली होती, आणि तीन वर्षांनी ते अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर फरकाने कसेबसे जिंकले. हल्ल्यानंतर चार वर्षांनी होणाऱ्या मतदानाबद्दल मी आज काही बोलणार नाही.

दहशतवादाने इथे खरं काय बदललं ते बघायचं असेल तर मतपेटी सोडून बंदरावर जा. 26/11 चे दहा जण पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आले. तेव्हापासून समुद्रात जाणारा प्रत्येक खलाशी संशयाच्या यादीत आला. ओळखपत्रं, बोटींची नोंदणी, सागरी पोलीस ठाणी, 'सागर कवच' सराव, गावोगावची सागर रक्षक दलं. कागद नसला तर बंदरातच अडवणूक. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ 'लेडी हान' नावाची बोट तीन एके-47 सह वाहत आली, तेव्हा दहीहंडीच्या तोंडावर जिल्हाभर नाकाबंदी झाली. ती बोट ओमानजवळ सोडून दिलेली होती, घातपाताचा संबंध तूर्त दिसत नाही, हे त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं. पण त्या दिवसाची धास्ती आणि तपासणीची सवय दोन्ही राहिल्या. कोळीवाड्यांत उमेदवाराला अडवून विचारलेले प्रश्न मी ऐकलेत: डिझेलचा परतावा कधी, एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांना कधी रोखणार, आणि आमची पोरं समुद्रात गेली की अतिरेक्यासारखी का तपासतात. तिसरा प्रश्न 2008 आधी कुणी विचारत नव्हतं. तो राष्ट्रीय पाहणीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 काढा. त्यात मतदान केंद्रानुसार प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. रायगड मतदारसंघाचे 2014 आणि 2019 चे दोन्ही घ्या. श्रीवर्धन विभागातली शेखाडी-दिघीकडची केंद्रं एका बाजूला, महाड विभागातलं फौजी आंबवडे आणि आसपासची केंद्रं दुसऱ्या बाजूला लावा. घरटी सैनिक देणाऱ्या त्या गावात गीत्यांची मतं शेजारच्या गावांपेक्षा जास्त वाढली असतील, तर पुलवामाबद्दल तुमच्याकडे बोलायला काहीतरी ठोस असेल. नसतील, तर तेही महत्त्वाचं आहे. फक्त केंद्र क्रमांकावर भरवसा ठेवू नका, पाच वर्षांत ते बदलतात. यादीतलं गावाचं नाव आणि मतदारसंख्या जुळवून मगच दोन केंद्रं शेजारी मांडा.